अवघड कुणाच्या हाताला?

नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका निघाली की लोक आधी रात्रीच्या कीर्तनकारांची नावे वाचतात, मग काल्याचे कीर्तन कुणाचे ते पाहतात आणि महाप्रसादाच्या दिवशी येऊन थांबतात. त्याखाली बारीक अक्षरांत आणखी नावे असतात : व्यासपीठ चालक, काकडा प्रमुख, गायनाचार्य, मृदंगाचार्य, वीणेकरी, चोपदार. सगळ्यांत शेवटी एक ओळ येते, ‘टाळकरी : समस्त भजनी मंडळ’. गायकाचे नाव असते, मृदंगवाल्याचे असते; टाळ धरणारे तीस-चाळीस जण एका ओळीत उरकलेले असतात. या ओळीमागे एक समजूत आहे : टाळ काय, कुणालाही येतो.

ही समजूत अर्धी खरी आहे. गावात पाहुणा म्हणून आलेला माणूस संध्याकाळच्या हरिपाठात टाळ घेऊन उभा राहू शकतो आणि त्याच्यामुळे काही बिघडत नाही. पण तोच माणूस रात्रीच्या कीर्तनात मृदंगाच्या शेजारी उभा राहिला तर पहिल्या दुप्पटीतच त्याचा हात मागे पडतो आणि शेजारच्या दोघांना घेऊन पडतो. वाद्य तेच, ठेका तोच, अभंगही कदाचित तोच. मग अवघड नेमके काय होते? कृती, वाद्य की जागा? सामूहिक वादनातली काठिण्यपातळी कशी मोजायची, हा प्रश्न आपल्याकडे कुणी मांडून ठेवलेला नाही. जगात एका वाद्यपरंपरेने मात्र तो सरळ अंगावर घेतला आहे. ती परंपरा हातघंट्यांची. आपल्याकडे ती रुजली नाही. पण टाळकऱ्यांविषयी बोलायचे तर तिच्याकडे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, असे माझे मत आहे.

इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात ऑल्डबोर्न नावाचे गाव आहे. तिथे रॉबर्ट आणि विल्यम कोर या भावांनी 17व्या शतकाच्या अखेरीपासून सुरात लावलेल्या हातघंट्या ओतायला सुरुवात केली. चर्चच्या मनोऱ्यातल्या मोठ्या घंटा वाजवणाऱ्यांना सराव हवा असे, आणि सरावासाठी रोज अख्ख्या गावाला ऐकवणे बरे नव्हे. म्हणून छोट्या घंटा. पुढे 19व्या शतकात लँकेशायर-यॉर्कशायरच्या गिरणी भागांत कामगारांचे संघ उभे राहिले, स्पर्धा होऊ लागल्या. अमेरिकेत ही कला घरोघर पोचवली ती बॉस्टनच्या मार्गारेट शर्क्लिफ यांनी. त्यांनी 1923 मध्ये बीकन हिल भागात मंडळ काढले आणि 1954 मध्ये अमेरिकेतल्या वादकांची संघटना स्थापन झाली. याच बॉस्टनमध्ये मुख्यालय असलेल्या ख्रिस्ती मिशनने 1831 मध्ये अहमदनगरला ठाणे मांडले होते. म्हणजे नगरचा बॉस्टनशी संबंध तिथल्या हातघंट्यांच्या मंडळाहून जवळजवळ शंभर वर्षांनी जुना.

या वादनाची रचना समजून घेतली की काठिण्याचा पेच आपोआप दिसतो. हार्मोनियमवर सगळ्या पट्ट्या एकाच माणसाच्या बोटांखाली असतात. तीच पेटी पट्टी-पट्टी सुटी करून अकरा ते तेरा जणांत वाटली तर जे होईल, ते हातघंट्यांचे मंडळ. दोन सप्तकांचा संच 25 घंटांचा, तीनाचा 37, चाराचा 49 आणि पाचाचा 61. प्रत्येकाच्या वाट्याला साधारण दोन लगतचे स्वर आणि त्यांचे कोमल-तीव्र भाऊबंद. धून कुणा एकाची नसते. एक ओळ वाजायला सात-आठ जणांचे हात आपापल्या क्षणी उठावे लागतात. आपल्या जलतरंगाच्या नेमके उलट हे, कारण तिथे सगळे पेले एकट्या वादकासमोर असतात.

आता अशा मंडळासाठी रचना निवडायची तर ती झेपेल की नाही, हे आधी कळायला हवे. त्यासाठी अमेरिकेतल्या संघटनेने एक ते सहा अशा पायऱ्या ठरवल्या आणि मधल्या छटांसाठी अधिक-उणे चिन्हे ठेवली. छापील स्वरलिपीवर ही पायरी नोंदलेली असते. पायरी ठरवताना बऱ्याच गोष्टी पाहतात : मात्रांची रचना साधी आहे की मध्येच बदलते, स्वर लांब आहेत की तुकड्या-तुकड्यांचे, लय किती, रागदारीच्या भाषेत सांगायचे तर विकृत स्वर किती आणि किती वारंवार येतात, हातातली घंटा ठेवून दुसरी उचलायला किती वेळ मिळतो, आणि आघाताचे प्रकार किती. आघाताचे प्रकार म्हणजे घंटा नुसती हलवून वाजवणे एवढेच नव्हे. मऊ गादी घातलेल्या टेबलावर ती दाबून आपटतात, लोलक बोटाने खेचून सोडतात, काठीने ठोकतात, अंगठा टेकवून नाद आखडतात, झुलवतात, घोळवतात, एका हातात दोन-दोन धरतात. खालच्या पायरीवर लांब स्वर, साधा ताल, थोडे विकृत स्वर. वरच्या पायरीवर हे सगळे एकत्र आणि भरधाव.

ही शिडी मला आवडते, कारण तिला विनाकारण गूढता नाही. ‘गुरुकृपेने येईल’ असे ती म्हणत नाही. काय यायला हवे ते सांगते. पण तिच्यात एक मोठी फट आहे आणि आपल्यासाठी खरी शिकवण त्या फटीतच आहे. पायरीचा आकडा रचनेला मिळतो. रचना मात्र कुणीच पूर्ण वाजवत नाही. प्रत्येक जण आपला तुकडा वाजवतो. मधल्या सप्तकाचा ‘सा-रे’ ज्याच्याकडे आहे त्याला बहुतेक रचनांत उसंत नसते. खर्जातला माणूस एका मापात एकदाच वाजवतो, पण त्याची घंटा जड असते आणि चुकली तर सगळ्यांना ऐकू जाते. दुसऱ्या पायरीच्या सोप्या रचनेत मध्येच एक तीव्र मध्यम आला, तर शुद्ध मध्यमवाल्याला एक घंटा ठेवून दुसरी उचलून वाजवून पुन्हा पहिली धरायची असते, आणि हाताशी दोनच मात्रा असतात. बाकी सगळे दुसऱ्या पायरीवर वाजवत असताना हा एकटा तेवढ्या दोन मात्रांपुरता चौथ्या पायरीवर उभा असतो. जाणते संचालक म्हणूनच आकडा पाहून थांबत नाहीत. ते आख्खी स्वरलिपी एकेका जागेच्या नजरेने वाचतात आणि मग माणसे वाटतात. वादकही आपापले स्वर रंगीत पेन्सिलीने गोल करून ठेवतात, कारण समोर सगळ्यांचे स्वर छापलेले असतात आणि त्यांतून आपला निवडायचा असतो.

आणखी एक गोष्ट या वाद्याने लख्ख दाखवली आहे. घंटेचा स्वर सुरू करणे सोपे, थांबवणे कठीण. दोन मात्रांचा स्वर दोन मात्रांनंतर खांद्याला टेकवून मिटवावा लागतो. नाहीतर तो पुढच्या स्वरावर चढतो आणि सगळे गढूळ होते. नवशिक्या मंडळात चूक ठोक्याची कमी आणि मिटवण्याची जास्त असते. टाळकऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. टाळाची अर्धी विद्या दाबण्यातच आहे.

आपल्याकडच्या शिड्या मात्र जवळजवळ सगळ्या एकट्या माणसासाठी बांधलेल्या आहेत. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले, आणि 1931 मध्ये ते गेल्यावर त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आज महाराष्ट्रातल्या तालुक्या-तालुक्यांत जी संगीताची परीक्षा म्हणून ओळखली जाते ती या मंडळाची : प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद, अलंकार. या शिडीने केलेले काम फार मोठे आहे. घराण्याच्या दारात उभे राहण्याची ऐपत नसलेल्या मुलांना, आणि त्याहूनही मुलींना, तिने क्रमाने संगीत शिकता येईल असा रस्ता दिला. दहावीला या परीक्षांचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून गर्दी वाढली. तिच्याविषयी कुणी काही म्हणो, त्या निमित्ताने घरात तानपुरा, तबला येतो हे खरे आहे. पण परीक्षार्थी परीक्षकासमोर एकटा बसतो. साथीला कुणी असेल तर तो त्याची परीक्षा देत नसतो. चाळीस जणांत चाळिसावा होऊन वाजवण्याची परीक्षा या शिडीवर घेताच येत नाही. इंग्लंडमधल्या आठ इयत्तांच्या परीक्षांची घडणही मुळात हीच.

भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेने वेगळा क्रम लावला. तिथे पायरी रागाची. दुसऱ्या भागात यमन, बिलावल, खमाज, भैरव, भैरवी असे थाटांचे दहा आश्रयराग आणि पुढच्या भागांत क्रमाने अनवट राग. रागाची अवघडता मोजण्याची ही पद्धत बुद्धीला पटते. पण यमनमधला एक सरळ अभंग पन्नास माणसांना एका लयीत म्हणायला लावा, आणि कुणी मध्येच लय चढवली तर ती आवरायला लावा. ते काम क्रमिकच्या कुठल्याच भागात नाही. मालिकेचा तो हेतूच नव्हता, म्हणून तिला दोष देता येत नाही.

समूहाचे काठिण्य आपल्याकडे कागदावर उतरले ते शाळेच्या मैदानावर. लेझमीचे हात ज्यांनी केले आहेत त्यांना हुकूम आठवतील : चार आवाज, एक जागा, आदी लगाव, पवित्रा, दो रुख, आगे फलांग, पीछे फलांग. आखाड्यातून शाळेत आलेली ही मालिका म्हणजे झांजांच्या नादासह चालणारी समूहाची शिडीच आहे. आधी जागेवर उभे राहून आवाज, मग वाकणे, मग दिशा, मग उडी. एक हात सगळ्यांचा बसल्याशिवाय पुढचा शिकवत नाहीत. पण इथे सगळ्यांना एकच काम असते, म्हणून जागेचा प्रश्न उद्भवत नाही. लेझीम मोजायला सोपी पडते ती त्यामुळेच.

इथे थोडे वळण घेतो, कारण ते घेण्याजोगे आहे. हातघंट्यांच्या इंग्रजी परंपरेत धून न वाजवता घंटांचा क्रम बदलत जाण्याची एक वेगळीच विद्या आहे. सात घंटा घेतल्या तर त्यांचे एकही पुनरावृत्ती न होता 5040 क्रम होतात, आणि ते सगळे चूक न करता वाजवणे हा तिथल्या वादकांचा मानाचा टप्पा. काहीही लिहून समोर ठेवायचे नाही. दोन घंटा हातात आणि क्रम डोक्यात. आता हाच आकडा देवगिरीत सापडतो. यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला 13व्या शतकात शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर लिहिला. त्यात सात स्वरांचे 5040 क्रम, आणि त्यांतला कितवा क्रम कोणता हे काढण्यासाठी खंडमेरूचे कोष्टक दिले आहे. क्रमांकावरून क्रम काढणे ते नष्ट, क्रमावरून क्रमांक काढणे ते उद्दिष्ट. इंग्लंडच्या मनोऱ्यांत ही विद्या सुरू होण्याच्या कितीतरी आधी हा हिशेब गोदावरीच्या खोऱ्यात पूर्ण झालेला होता. याच यादवांच्या राज्यात, देवगिरीपासून फार लांब नसलेल्या नेवाशात, 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. एकीकडे स्वरांची सगळी शक्यता मोजून ठेवणारे शास्त्र, दुसरीकडे कुणीही उभे राहून म्हणावे असे नाम. नगरचा टाळकरी या दोन्हींचा वारस आहे, आणि त्याच्या वाट्याला फक्त दुसरेच आले आहे असे आपण धरून चालतो.

ते तसे नाही, हे सप्ताहाचा दिवस पाहिला की कळते. नेवासा, राहुरी, पाथर्डी, पारनेर, कुठेही जा, क्रम थोड्याफार फरकाने ठरलेला : पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथा भजन, मग प्रवचन, दिवेलागणीला हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यानंतर हरिजागर, आणि या सगळ्यांतून अखंड चालणारा वीणेचा पहारा. हे वेळापत्रक भक्तीचे आहे, यात शंका नाही. पण ते नीट पाहिले तर काठिण्याचेही आहे.

पहाऱ्याला काहीच यावे लागत नाही. वीणा गळ्यात, मुखी नाम, एक-दोन तास उभे राहायचे. गावातल्या प्रत्येक घरचा माणूस तिथे उभा राहतो, आणि समूहात शिरण्याची पहिली पायरी तीच. हरिपाठ ही दुसरी. अभंग ठरलेले, क्रम ठरलेला, चाली बहुतांशी ठरलेल्या. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा, आणि सोबत पावल्या. इथे मुले शिकतात. हात आणि पाय एकाच वेळी वेगळे काम करायला लागले की कोण कच्चा आहे ते दिसते, पण कुणाला बाहेर काढले जात नाही. काकड्यात चाली वाढतात. भूपाळ्या, गौळणी, आंधळे-पांगळे, वासुदेव असे प्रकार येतात. प्रत्येकाची लय वेगळी, आणि पहाटे चारला सूर खाली असतो तो हळूहळू वर न्यायचा असतो. गाथा भजनात पाठांतराची कसोटी लागते.

आणि कीर्तन ही शेवटची पायरी. तिथे पुढे काय येणार हे कुणालाच माहीत नसते. महाराज निरूपणाच्या ओघात एखाद्या प्रमाणाचे पहिले दोन शब्द उच्चारतात, आणि मागच्या गायकाने पुढचे चरण त्याच श्वासात उचलायचे असतात. अभंग कोणता, चाल कोणती, पट्टी कोणती, ठेका कोणता, हे सगळे त्या दोन शब्दांत ठरते. गायक सुरू झाला की मृदंग पहिल्या समेवर हजर, आणि मृदंगाबरोबर जवळचे चार-सहा टाळ. मागच्या रांगा त्या चार-सहांना धरून येतात. म्हणजे कीर्तनात एकाच वेळी तीन पातळ्यांचे लोक उभे असतात : गायक-मृदंगाजवळचे, जे ठरवतात, मधले, जे पकडतात, आणि कडेचे, जे मिसळतात. लिहिलेले कुठेच नाही; पण गावात कुणी कुठे उभे राहायचे हे सगळ्यांना माहीत असते, आणि एखादा पोरगा कडेवरून मध्ये सरकला तर ती बढती सगळ्यांच्या लक्षात येते.

टाळ हातात धरण्यापासून हे सुरू होते, म्हणून ते जवळून पाहू. दोरीचा वेढा बोटांना घ्यायचा, पण टाळाची पाठ तळव्यापासून सुटी ठेवायची. तळवा चिकटला की नाद मेला. दोन्ही टाळ तोंडावर तोंड सपाट आपटले तर मध्ये हवा कोंडते आणि ‘फट्’ असा आवाज येतो. म्हणून कड कडेवर, किंचित सरकवून. पहिले काही दिवस मात्रेला एक आघात. मग एक मोकळा, एक दाबलेला. दाबलेला आघात शेवटपर्यंत दाबलाच पाहिजे, अर्धवट सुटला की पुढचा मोकळा आघात उठून दिसत नाही. मग दुप्पट. मग मृदंगवाल्याने लग्गी धरली की त्याच्या बोलांशी जुळणारी भरणी, आणि तो समेवर आला की सगळ्यांनी एकदम थांबणे. हे एकदम थांबणे फार अवघड. चाळीस टाळांतला एक जरी अर्धी मात्रा पुढे गेला तरी ती शांतता फुटते. हातघंटेच्या खांद्यावर मिटवण्याचे आणि या थांबण्याचे कौशल्य एकाच जातीचे आहे.

कडेच्या माणसाचे काम सोपे असते असे वरच्या वर्णनावरून वाटेल, त्यात एक गोष्ट जोडायला हवी. दिंडीत टाळकऱ्यांची रांग लांबली आणि मृदंगापासून शेवटचा माणूस तीस मीटरवर गेला, तर आवाजाला तिथे पोचायला सेकंदाच्या अकराव्या भागाइतका वेळ लागतो. विलंबित लयीत हे कळत नाही. पण मिनिटाला 240 मात्रांच्या वेगात एक मात्रा पाव सेकंदाची असते. म्हणजे ऐकून वाजवणारा शेवटचा माणूस तिसरा हिस्सा मात्रेने मागे असतो, आणि त्याचा आवाज पुढे पोचेपर्यंत आणखी तेवढाच. जाणते टाळकरी म्हणून ऐकत नाहीत, बघतात. मृदंगवाल्याचा हात, निदान समोरच्या रांगेतल्या भरवशाच्या माणसाचा हात. हातघंट्यांचे टेबल घोड्याच्या नालेच्या आकारात मांडतात तेही याचसाठी, प्रत्येकाला संचालकाचा हात दिसावा म्हणून. त्र्यंबकेश्वरहून निघून नगरवरून जाणाऱ्या निवृत्तिनाथांच्या पालखीत चालणाऱ्या दिंड्या पाहा : लय चढली की रांगा आपोआप जवळ येतात, समोरासमोर होतात. भौतिकशास्त्राचे हे उत्तर वारकऱ्यांनी पायांनी शोधलेले आहे.

याच जिल्ह्यात समूहगायनाच्या काठिण्याचा एक वेगळा प्रयोग दीडशे वर्षांपूर्वी झाला, त्याची दखल घेतली पाहिजे. 1842 मध्ये वर आलेल्या मिशनचे ज्ञानोदय हे नियतकालिक नगरहून निघू लागले तेव्हा मिशनच्या उपासनेत पाश्चात्त्य चाली होत्या. चार आवाजांत बांधलेली ती गाणी नीट म्हणायची तर स्वरलिपी वाचता यायला हवी, आणि चार भागांतला आपला भाग शेजाऱ्याच्या भागाला न भुलता धरायला हवा. खेड्यातून आलेल्या, अक्षरही नव्याने शिकणाऱ्या मंडळींसाठी ही पायरी फार उंच होती. 1860च्या दशकात कृष्णराव सांगळे यांच्या पुढाकाराने ख्रिस्ती कीर्तन सुरू झाले, आणि नंतर रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी नगरमध्ये राहून भजने, अभंग, पदे लिहिली. टिळकांचे काव्य श्रेष्ठ आहेच. पण त्याचा मंडळीच्या गाण्यावर झालेला परिणाम संगीताच्या दृष्टीनेही मोजावा असा आहे. चाल ओळखीची, ठेका हाताशी असलेला, साथीला टाळ आणि मृदंग. एका पिढीत उपासनेतले गाणे मोजक्या शिकलेल्यांकडून सगळ्यांकडे आले. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आजही टिळकांची पदे मोठ्या संख्येने आहेत. समूहाला वर चढवायचे असेल तर पहिली पायरी सगळ्यांच्या पायाला लागली पाहिजे, हे टिळकांनी ओळखले होते. चार आवाजांची गाणी नगरच्या चर्चमधून गेली नाहीत. ती गायकवृंदाकडे राहिली, जिथे ती झेपतात. दोन्ही एकाच उपासनेत नांदतात.

आता सगळ्या शिड्या समोर ठेवल्या तर चित्र असे दिसते. हातघंट्यांची पायरी रचना मोजते, गांधर्वची पायरी माणूस मोजते, क्रमिकची राग मोजते, लेझमीची हालचाल मोजते. जागा मोजतो तो फक्त सप्ताह, आणि तो ते लिहीत नाही. न लिहिल्यामुळे त्याचे काही बिघडले नाही असे शंभर वर्षांपूर्वी म्हणता आले असते, कारण गावातली माणसे गावातच राहत होती आणि कडेचा पोरगा पंधरा वर्षांत मध्यावर येत होता. आज तो पोरगा बारावीनंतर चाकणला किंवा पुण्याला जातो. सप्ताहाला रजा काढून येतो, पण मधली वर्षे गळालेली असतात. दुसरीकडे गावोगाव वारकरी शिक्षण संस्था निघाल्या आहेत. जोग महाराजांनी 1917 मध्ये आळंदीला सुरू केलेल्या संस्थेने चार वर्षांचा क्रम घालून दिला, त्या वाटेवरच्या या लहान संस्था. तिथे मुले पाठांतरात पुढे जातात, मृदंगात पुढे जातात. टाळ मात्र अजूनही कुणी शिकवीत नाही. तो येतच असेल असे धरतात. त्याचा परिणाम कीर्तनात दिसतो. लय फार लवकर चढते, कारण चढलेल्या लयीत कच्चेपण झाकले जाते. विलंबितात चाळीस टाळ एकत्र वाजवणे हे खरे कठीण काम, आणि नेमके तेच कमी होत चालले आहे. मोठे ध्वनिवर्धक आल्यापासून मध्यावरच्या दोघांपुढे माइक आणि बाकीच्यांचा आवाज कुणालाच ऐकू येत नाही, अशीही स्थिती अनेक ठिकाणी आहे. मग कडेच्या माणसाने नीट वाजवावे तरी कशाला?

यावर टाळाची परीक्षा काढा, प्रमाणपत्र द्या, असे मी म्हणणार नाही. प्रमाणपत्र आले की माणूस पुन्हा एकटा मोजला जाईल, आणि पहाऱ्याला उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्याला आपण नापास आहोत असे वाटेल. सप्ताहाची सगळी ताकद त्या म्हाताऱ्याला जागा देण्यात आहे. पण हातघंटेवाल्यांकडून एक गोष्ट जशीच्या तशी उचलावी : प्रत्येक रचनेत प्रत्येक जागेला काय करायचे आहे, हे लिहून ठेवणे. भजनी मंडळाच्या वहीत आज अभंगाचे शब्द असतात, फार तर वर ‘चाल अमुकप्रमाणे’ अशी नोंद. तिथेच आणखी चार ओळी याव्यात. ठेका कोणता. लय कुठून कुठे जाते आणि ती कुणी बदलायची. मध्यावरच्यांनी कुठे भरणी करायची, कडेच्यांनी तेव्हा काय धरून ठेवायचे. दाबलेला आघात कुठे, थांबा कुठे. ही वही मृदंगवाल्याने आणि जुन्या टाळकऱ्याने मिळून लिहावी, कारण एकाला बोल माहीत असतात आणि दुसऱ्याला रांग. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ कामगारांच्या भजनस्पर्धा घेते. अशा स्पर्धांच्या परीक्षकांनीही मुख्य गायकाच्या आवाजावर नजर न खिळवता मागच्या रांगेसाठी वेगळे गुण ठेवावेत.

सुरुवात हरिपाठापासून करता येईल, कारण तो रोज होतो, त्याचा क्रम सगळीकडे सारखा आहे आणि मुले तिथेच उभी असतात. निळोबारायांच्या पिंपळनेरात किंवा महिपतींच्या ताहराबादेत अशी एखादी वही तयार झाली, तर शेजारच्या गावाला ती वापरायला काहीच अडचण नाही. चालींत फरक असेल तेवढा ते बदलून घेतील. आणि पुढच्या पत्रिकेत टाळकऱ्यांची नावे छापावीत, रांगेतल्या क्रमाने. तीस-चाळीस नावांना पत्रिकेची एक बाजू लागेल. जाहिराती थोड्या कमी कराव्या लागतील.